खोबरेल तेल आणि पहिली पातळी

आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना आधी शहाळं मिळतं, मग प्रमाणपत्र बघावं लागतं. नीट बघितलं नाही तर दुसरं शहाळं मिळत नाही, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत असतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर, सासऱ्यांच्या फोटोच्या खाली, ते चौकटीत टांगलेलं आहे. वर माझं नाव, खाली एक सही, आणि मध्ये इंग्रजीत लिहिलंय की या व्यक्तीने मोठ्या शक्तीच्या रॉकेटांची पहिली पातळी पार केली आहे. साठाव्या वर्षी केली, हे त्यावर लिहिलेलं नाही. ते मी तोंडी सांगते.

रॉकेट म्हटल्यावर लोकांना दोनच प्रकार आठवतात. एक दिवाळीत बाटलीत उभं करायचं आणि दुसरं टीव्हीवर दिसणारं. माझं या दोहोंच्या मधलं. उंची माझ्या खांद्याइतकी, अंग जाड पुठ्ठ्याच्या नळीचं, पंख प्लायवुडचे, आणि बुडाशी तयार मिळणारी मोटार, म्हणजे जळणाऱ्या इंधनाची नळी. पहिल्या पातळीची परीक्षा ऐकायला सोपी आहे. रॉकेट स्वतः बांधायचं, परीक्षकासमोर उडवायचं, माथ्यावर पोचल्यावर त्याची छत्री उघडली पाहिजे, ते अलगद खाली आलं पाहिजे, आणि तुम्ही ते परत आणून परीक्षकाच्या टेबलावर ठेवलं पाहिजे. पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत. नुसतं वर गेलं म्हणून कोणी पास होत नाही.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी नववीच्या फळ्यावर रॉकेट काढायचे, खाली जाणारा एक बाण, वर जाणारा एक बाण, क्रिया आणि प्रतिक्रिया. मुलं आकृती उतरवून घ्यायची आणि मी पुढच्या धड्याला लागायचे. त्या बाणांवर माझा पूर्ण भरवसा होता, पण तो ऐकीव होता. गंमत अशी की न करता लिहिलेलं मला मुलांचं मात्र कधी खपलं नाही. प्रयोगवहीत शेजारच्याचे आकडे उतरवलेले दिसले की मी लाल शाईनं ‘पुन्हा कर’ लिहून वही परत द्यायचे. खरोखर प्रयोग केलेला दिसला तर ‘स्वतः केलेले आहे’ एवढंच लिहायचे. ‘शाब्बास’ मी कधी कोणाच्या वहीत लिहिलं नाही. शाब्बासकीनं पोरं शेफारतात असं माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं ठामच असतात.

निवृत्त झाल्यावर मी दिवेआगरच्या आमच्या वाडीत पूर्णवेळ आले. नारळ, पोफळी, आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं तेव्हा कमरेइतकी झाली होती, आणि नवरा दिवसभर त्यांच्या मागे असायचा. मला करण्यासारखं फारसं काही नव्हतं. नारळ सोलणाऱ्याला गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, “तू काहीतरी शोध बाई, नाहीतर हा माणूस काम सोडून जाईल.”

अशात एका हिवाळ्यात दोन्ही खोल्या एका क्लबानं घेतल्या. शनिवार-रविवार रॉकेटं उडवणारी मंडळी, कोणी इंजिनियर, कोणी डॉक्टर. त्यांच्यातली एक तिशीतली बाई अंगणातच माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “बाई, ओळखलंत का?” मी ओळखलं नव्हतं. ती माझीच विद्यार्थिनी निघाली. आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावातून शाळेत चालत यायची. आता रोह्याकडच्या एका कारखान्यात इंजिनियर होती, आणि त्या क्लबात पहिल्या पातळीची परीक्षा घ्यायचा अधिकार तिच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मला मैदानावर नेलं. मैदान म्हणजे खाडीकाठचं खाजण, भात कापून झाल्यावर नुसते खुंट उरलेली सपाट जमीन. रॉकेट सुटलं तेव्हा आवाज आधी माझ्या छातीत शिरला आणि मग कानात. एकतीस वर्षं काढलेला खालचा बाण मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. तो पांढरा होता, त्याला गंधकाचा वास होता, आणि त्यानं खालची माती उडवली.  परत येताना गाडीत माझी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, तुम्ही पण करा की.”

“वय बघ माझं,” मी म्हटलं. “साठी बुद्धी नाठी म्हणतील लोक.”

मी जरा चिडूनच बोलले. एखादी गोष्ट मला मनापासून हवी असते तेव्हा मी आधी चिडते. नवऱ्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो त्या संध्याकाळी प्लायवुडचं माप विचारत आला.

बांधायला वर्ष लागलं. पंख कापले, घासले, चिकटवले, वाकडे बसले म्हणून तोडले आणि पुन्हा चिकटवले. छत्री मी घरच्या जुन्या तीन छत्र्यांच्या कापडाची शिवली. आठ पाकळ्या, चार काळ्या आणि चार नवऱ्याच्या आवडत्या निळ्या छत्रीच्या. ती छत्री गेल्याचं दुःख तो अजून करतो. रॉकेटचा तोल बघायला मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर ते टांगायचे आणि गुरुत्वमध्याशी पेन्सिलीनं खूण करायचे. तो मध्य पंखांच्या पुरेसा पुढे असला तरच रॉकेट सरळ जातं, नाहीतर हवेत गिरक्या घेतं. पाहुणे नसले की ते रिकाम्या खोलीतल्या पलंगावर मच्छरदाणीत असायचं. नवरा त्याला जावई म्हणायचा. “जावयाला आज ऊन दाखवलंस का? जावयानं काही खाल्लं का?” आम्हाला मुलगी नाही. असती तर खऱ्या जावयाचे एवढे लाड झाले नसते, असं त्याचं म्हणणं.

आता चूक सांगते. ती मी कोणावर ढकलणार नाही.

रॉकेटचं टोक, ज्याला सगळे नाकच म्हणतात, ते नळीत सरकवून बसवायचं असतं. ते फार सैल नको आणि फार घट्टही नको. माथ्यावर पोचल्यावर मोटारीतच ठेवलेली चिमूटभर दारू उडते, तिच्या दाबानं नाक निसटतं आणि मागोमाग छत्री बाहेर पडते. नाक निसटलं नाही तर छत्री आतच राहते आणि रॉकेट सुळ्यासारखं खाली येतं. आमच्या समुद्रकाठच्या हवेत पुठ्ठा फुगतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नाक जरा अडखळायला लागलं. मी काचकागदानं घासलं आणि मग, अजिबात विचार न करता, स्वयंपाकघरातून खोबरेल आणून बोटानं आतून-बाहेरून फासलं.

आमच्या भागात हे कोणीही केलं असतं. आमच्याकडे कुलूप कुरकुरलं की खोबरेल. अडकित्ता, शिवणयंत्र, कोयत्याची मूठ, दाराच्या बिजागऱ्या, नवऱ्याचा गुडघा, सगळ्याला घाण्यावरचं घरचं तेल. भर दुपारी, कौलाखाली, नाक लोण्यासारखं सरकलं. मी दहा वेळा काढून घालून बघितलं, नवऱ्याला बोलावून दाखवलं, छत्री घडी घालून आत भरली, नाक बसवलं, आणि जावयाला शेवटचं मच्छरदाणीत ठेवलं.

जानेवारीतली सकाळ. आम्ही उजाडताना टेंपोत निघालो. रॉकेट मागे गोधडीवर आडवं ठेवलेलं, आणि मागच्या हौद्यात चांगलाच गारवा. खाजणात पोचलो तेव्हा खुंटांवर दंव होतं आणि सगळे स्वेटरात होते. क्लबानं पोलिसांचं, ग्रामपंचायतीचं आणि विमानांची वाट सांभाळणाऱ्या खात्याचं, अशी सगळी पत्रं आणलेली होती. त्या पत्रांनी आम्हाला सकाळी आठ ते अकरा एवढंच आकाश दिलेलं होतं, तेही ठरावीक उंचीपर्यंत. अकरानंतर सुतळी बॉम्बसुद्धा नाही, असं क्लबाच्या प्रमुखांनी सुरुवातीलाच बजावलं. मोटारी परवानाधारक माणसाच्या कुलपात होत्या. रॉकेट टेबलावर पास झालं की मगच आपली मोटार हातात मिळायची.

टेबलामागे माझी विद्यार्थिनी बसली होती. समोर फॉर्म, फूटपट्टी, वजनकाटा. तिनं माझ्याकडे बघून हसणं टाळलं, आणि मला ते आवडलं. तिनं वजन केलं, पंख एकेक धरून हलवले, गुरुत्वमध्य विचारला. मी घडाघडा सांगितला. मग तिनं नाक धरून रॉकेट उचललं आणि हिसका दिला. नियम असा की उचलल्यावर नाक सुटू नये, पण दोन-चार हिसक्यांनी सुटावं. तिनं दोन दिले, चार दिले, मग उभं राहून दोन्ही हातांनी दिले. नाक तसूभर हललं नाही.

“बाई, हे अडकलंय.”

“अडकलेलं नाही, घट्ट आहे,” मी म्हटलं. “पुठ्ठा थोडा फुगलाय. आतली दारू ढकलेल त्याला.”

“नाही ढकलली तर हे सरळ खाली येईल. शेतात माणसं आहेत.”

“काल दुपारी मी दहा वेळा काढून घालून बघितलंय.”

“काल दुपारी,” ती म्हणाली. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं, बोटावर आलेला पांढरा थर बघितला, वास घेतला. मग अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “बाई, खोबरेल किती अंशांना थिजतं?”

“चोवीसच्या आसपास,” माझं तोंड बोलून गेलं. एकतीस वर्षांची सवय.

आत्ता किती आहे, हे तिनं विचारलं नाही. माझ्या अंगात दोन स्वेटर होते. दर हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणारी मी, आठवीला अवस्थांतर शिकवणारी मी. लाज एवढी वाटली की तिचा लगेच राग झाला.

“हे बघ,” मी म्हटलं, “नऊ वाजता ऊन चढेल. आपोआप वितळेल. तेवढ्यासाठी कशाला अडवतेस?”

“वर हवा आणखी गार आहे, बाई. आणि तेल आतल्या छत्रीलाही लागलं असेल. घड्या चिकटल्या असतील.” तिनं फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. “पुन्हा करा. अकरापर्यंत वेळ आहे.”

मागे रांगेत क्लबाचा एक डॉक्टर होता. तो सज्जनपणे म्हणाला की त्याच्याकडे जादा छत्री आहे, नियमात चालतं. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, अहो, सगळेच वापरतात. मी पुन्हा म्हटलं, नको. माझं हे असंच आहे. कृपांक मी कधी दिले नाहीत, मग घेऊ कशी? पण खरं सांगायचं तर नुसतं तत्त्व नव्हतं ते. माझी इच्छा अशी होती की जे वर जाईल ते सगळं माझ्या हातचं असावं, आणि ज्या मुलीला मी शिकवलं तिनं ते खरोखर तपासून पास करावं. तिनं बाई म्हणून सोडलं असतं तर ते प्रमाणपत्र मला भिंतीवर लावता आलं नसतं.

नवरा टेंपोला टेकून उभा होता. मी रॉकेट घेऊन परत येताना बघून त्याला काय ते कळलं. तो म्हणाला, “नारळ वाढवायचा म्हणून आणलाय, पण आता कशाला? खोबरेल आधीच वाहून झालंय.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं माझ्यासाठी चहा ओतायला लागला.

दोघांनी मिळून नाक ओढलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, रस्सीखेच. शेवटी ते सुटलं तेव्हा आम्ही दोघंही खुंटांवर बसलो. आत छत्री होती, आणि तिच्या घड्या खरोखरच पांढऱ्या चरबीनं चिकटलेल्या होत्या. माझी विद्यार्थिनी बरोबर होती. ते रॉकेट उडालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी तिथे बसून एकदा नीट केला आणि माझा राग उतरला.

खाजणाच्या कडेला, उंचवट्यावर, त्या शेताच्या मालकिणीचं घर होतं. माझ्याच वयाची, कमरेला पदर खोचलेली. सकाळपासून ती ओटीवर बसून आमचा तमाशा बघत होती. मी छत्री घेऊन गेले आणि गरम पाणी मागितलं.

“ह्यो काय परकार?” तिनं छत्री उलगडून बघितली. “दांडा न्हाय हिला?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, खोबरेलासकट. ती हसली नाही. “माझ्या सुनंनं असंच घड्याळाला तेल लावलं व्हतं,” ती म्हणाली. “आन हिकडं.” चुलीवर पाणी होतंच. तिनं साबण दिला, वर मूठभर राख दिली, आणि आम्ही दोघींनी छत्रीच्या आठ पाकळ्या आणि सगळ्या दोऱ्या चोळून काढल्या. दोन पाण्यांनी तेल गेलं. मग तिनं ती कुंपणावर, उन्हाच्या तोंडाशी पसरली. इकडे नवऱ्यानं नळीचं तोंड आणि नाक कोरड्या फडक्यानं पुसून पुसून लख्ख केलं, आणि मी काचकागद घेऊन पुन्हा घासायला बसले. या खेपेला घाई केली नाही. थोडं घासायचं, बसवायचं, हिसका द्यायचा. थोडं घासायचं, बसवायचं.

मध्येच माझी विद्यार्थिनी चक्कर मारत आली. हात मागे बांधून उभी राहिली. परीक्षकानं हात लावायचा नसतो. थोडा वेळ बघून म्हणाली, “बाई, आठवीत खोबरेलाच्या प्रयोगाची माझी वही तुम्ही तीन वेळा परत केली होती.”

“का?”

“मी आकडे मैत्रिणीचे उतरवले होते. चौथ्या वेळी घरी खरोखर करून बघितलं. थर्मामीटर तुम्हीच दिला होता, फुटला तर बघ म्हणून. तेव्हा कळलं की तेल थिजत असताना तापमान उतरायचं थांबतं. खरंच थांबतं. मी आईला हाका मारून दाखवलं होतं.”

मला काही आठवलं नाही. इतक्या वह्या परत केल्या, कुठली कोणाची? तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “मला आठवतं,” आणि टेबलाकडे निघून गेली.

या सगळ्यात साडेनऊ वाजून गेले. बाकीच्यांची रॉकेटं उडत होती. सकाळी आमच्याकडे जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो, मतलई. त्या वाऱ्यानं दोघांच्या छत्र्या खाडीच्या दिशेनं वाहून नेल्या. एकाचं रॉकेट तिवरांच्या चिखलात गेलं आणि मिळालंच नाही. परत आलं नाही म्हणजे नापास. तो तरुण माणूस बांधावर बसून बूट काढत होता, त्याच्याकडे बघवेना.

मालकीण वाळलेली छत्री घेऊन आली. तिनं ओटीवरून हे सगळं बघितलं होतं. “बाय, तू घाय करू नको,” ती म्हणाली. “मतलई पडंल आता. मंग घडीभर वारा मरतो. पान हालत न्हाय. त्याच्या मागनं खारा वारा सुटतो, त्यो थांबायचा न्हाय. त्या मधल्या घडीला सोड तुझं.”

“मधली घडी कधी येईल?”

“माझा धूर बघ,” ती म्हणाली.

तिच्या घराच्या कौलांतून चुलीचा धूर निघत होता आणि खाडीकडे कलला होता. मी भूगोलाच्या तासाला बदली बाई म्हणून मतलई आणि खारे वारे शिकवलेले आहेत. हे तिच्यापाशी बोलले नाही.

सव्वादहाला मी पुन्हा टेबलापाशी उभी राहिले. विद्यार्थिनीनं सगळं पहिल्यापासून केलं. वजन, पंख, मध्य. सकाळी बघितलंय म्हणून काही सोडलं नाही. नाक धरून उचललं, सुटलं नाही. एक हिसका, दोन हिसके, तिसऱ्याला नाक हळूच निसटलं आणि छत्रीची निळी पाकळी बाहेर आली. तिनं घड्या उलगडून बघितल्या आणि मला मोटार द्यायला सांगितलं.

मोटार बसवली. लोखंडी उभ्या पट्टीवर रॉकेट चढवलं. भोवतालचे खुंट कापून जमिनीवर पाणी मारलेलं होतं. वायर जोडून आम्ही सगळे दोरीच्या मागे, लांब आलो. हातात बटणाची पेटी. क्लबाच्या प्रमुखांनी विचारलं, तयार? मी म्हटलं, थांबा. मी मालकिणीच्या कौलांकडे बघत होते. धूर अजून थोडा कललेला होता. दहा चाळीस झाले. प्रमुखांनी घड्याळ बघितलं. मागून कोणीतरी खाकरलं. नवरा माझ्या बाजूला उभा राहून तोच धूर बघत होता.

धूर सरळ झाला. आधी हलला, मग कौलांवर उभा राहिला, दोरीसारखा.

“सोडते,” मी म्हटलं.

पाच, चार, तीन, दोन, एक. मी बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि माझ्या मनात आलं, आता काय विसरले? मग तो आवाज छातीत शिरला. रॉकेट पट्टीवरून निघालं, सरळ, पंख न हलवता, आणि बघता बघता एवढंसं झालं. मी मान मागे टाकून मोजत होते. मोटारीचा धूर संपला. ते नुसतं वेगावर चढत राहिलं, मग मंदावलं, मग आडवं झालं. तिथे उघडायला हवं होतं. एक. दोन. मी नवऱ्याचा दंड धरला होता हे मला नंतर त्याच्या हातावरच्या खुणांवरून कळलं.

एक बारीकसा फट्ट आवाज आला. नाक वेगळं झालेलं दिसलं. आणि मग काळी-निळी, काळी-निळी, माझ्या आठही पाकळ्या उघडल्या.

मला फार अभिमान वाटला. तो लपवून सांगण्यात अर्थ नाही. ती छत्री मी शिवली होती, ते नाक मी घासलं होतं, ते दोन्ही बाण माझे होते. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेलं माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि हळूहळू माझ्याकडे येत होतं. मालकीण ओटीवर उभी राहून कपाळाला हात लावून बघत होती.

ते बांधाच्या अलीकडे, आमच्यापासून जेमतेम तीनशे पावलांवर उतरलं. मी चालत निघाले. नवरा मागून म्हणाला, “गुडघा सांभाळ,” आणि माझ्या चालीनं चालू लागला. खुंट टोचत होते. अर्ध्या वाटेवर तोंडावर खारा वारा आला, चांगला भरभरून, आणि पडलेली छत्री फडफडायला लागली. मी शेवटची पावलं पळाले. साठीत पळाले. छत्री गोळा केली, रॉकेट उचललं, एका पंखाला चिखल लागला होता, बाकी सगळं जागच्या जागी. नवरा म्हणाला, “आला बाई जावई, धडधाकट आला,” आणि चष्मा काढून पुसायला लागला.

अकराला पाच मिनिटं असताना मी ते टेबलावर ठेवलं. विद्यार्थिनीनं चिखल पुसून पंख बघितला, तडा नव्हता. शिवण बघितली, दोरी ओढून बघितली, नळीचं तोंड डोळ्याशी नेऊन बघितलं. माझ्या मागचे लोक टाळ्या वाजवत होते, पण तिनं सगळं तपासून होईपर्यंत मान वर केली नाही. मग फॉर्म ओढला, ‘पास’ या चौकटीत खूण केली, सही केली. खाली शेऱ्यासाठी एक रिकामी ओळ होती. तिनं क्षणभर विचार केला, खिशातलं लाल पेन काढलं, आणि त्या ओळीत मराठीत लिहिलं: ‘स्वतः केलेले आहे.’

तिचं अक्षर माझ्यासारखं होतं. ‘स्व’ अगदी माझा. मी तिथे, सगळ्या क्लबासमोर, रडले.

ती घाबरून उठली. “बाई, काय झालं?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो शब्द मी शाळेत कधी वापरला नव्हता, त्यामुळे नीट निघायलाही वेळ लागला.

“सकाळी मला परत पाठवलंस ना,” मी म्हटलं, “त्याला शाब्बास.”